बानाबाईने तासलेला साचा

बानाबाई अंगणवाडीच्या दारात आली की मी आधी तिच्या हाताकडे बघायची. रिकाम्या हाताने ती कधी यायचीच नाही. कधी पायात काटा मोडलेलं कोकरू, कधी पदरात तांदुळजा, कधी शेजारणीचं रडतं पोर. त्या शनिवारी तिच्या तळहातावर तिच्या मुलीच्या, सुगंधाच्या, ऐकायच्या यंत्राचा कानातला साचा होता. तो पाहून माझ्या तोंडून जे शब्द गेले ते अंगणवाडीच्या बाईला शोभणारे नव्हते.

हा साचा गुलाबी, कवळीच्या हिरडीसारखा कडक, सुगंधाच्या कानाच्या आतल्या वळणांवर बेतून केलेला होता. कानात बसला की आजूबाजूला वाऱ्यालाही वाट राहू नये, असा. आता त्याचं आतलं टोक निमुळतं झालं होतं, वरची कड दगडावर घासून गुळगुळीत केली होती आणि वर तुपाचं बोट फिरवलेलं होतं.

"काय केलंस हे, बाने?"

"तासला," ती म्हणाली. चांगली खुशीत होती. "पोरीला रुतत व्हता, बाई. कानात लाल व्हायचं. आता कशी गप घालती बघा."

मेंढी लंगडायला लागली की वाढलेला खूर तासायचा, हे धनगराच्या लेकीला कुणी शिकवावं लागत नाही. बानाबाईचा हात तर त्यात इतका सरावलेला की चार वाड्यांवरून तिला बोलावणं यायचं. रुततंय ना, मग काढ चाकू. एवढा साधा हिशोब. मी सुगंधाला जवळ घेतलं, साचा तिच्या कानात घातला, छातीवरच्या यंत्राच्या पेटीचं आवाज वाढवायचं चाक फिरवलं. चाक अर्ध्यावरही गेलं नसेल, तोच पेटी अशी किंचाळली की पोषण आहार खात बसलेली सगळी पोरं दचकली. सुगंधा हसत माझ्याकडे बघत होती.

बानाबाईचा चेहरा उतरला. तिलाही कळलं.

सुगंधा तेव्हा सहा वर्षांची. तिला ऐकू येत नाही हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. आमची अंगणवाडी चितेगावच्या एका कंपनीच्या भिंतीला लागून. पाळी बदलायचा भोंगा झाला की सगळी पोरं कानावर हात ठेवून ओरडायची, आणि ही एकटी पाटीवर रेघा ओढत बसायची. तिचा बाप मुंजाबा ज्या माळावर लहानपणी मेंढरं चारायचा, त्याच माळावर ही कंपनी उभी राहिली, आणि तो आता तिच्यात कंत्राटी हमाल होता. उरलेली मेंढरं बानाबाईच्या वाट्याला आली होती. ती कुंपणाच्या कडेकडेने त्यांना घेऊन हिंडायची आणि अंगणवाडी सुटली की पोरगी तिच्या मागे.

शहरातल्या सरकारी घाटी दवाखान्याच्या शिबिरात सुगंधाला यंत्र मिळालं. काडेपेटीहून थोडी मोठी पेटी, ती छातीवर कापडी खिशात ठेवायची. तिच्यातून वायर निघते आणि कानातल्या बटनापर्यंत जाते. बटनाला लावायला मऊ रबराच्या टोप्या दिल्या होत्या, लहान, मधली आणि मोठी. चप्पल घालून पाहावी तशा आम्ही त्या घालून पाहिल्या. लहान टोपी मान हलवली की गळून पडायची. मोठी दुखायची आणि भाकरी चावताना आपोआप बाहेर यायची. मधली बरी बसली म्हणावं तर पोरगी हसली की गालाबरोबर कान हलायचा, बारीक फट पडायची आणि शिट्टी सुरू. कानातला आवाज फटीतून बाहेर येतो, छातीवरच्या पेटीत परत शिरतो आणि यंत्र आपलंच ऐकून आपणच ओरडत सुटतं. त्या आवाजाने बानाबाईचं कुत्रं वेडंपिसं व्हायचं. शिट्टी थांबवायला चाक खाली आणलं की पोरीला काहीच ऐकू यायचं नाही. म्हणजे यंत्र असून नसल्यासारखं.

मग घाटीतल्या बाईंनी आम्हाला सांडूभाऊकडे धाडलं. तो कवळ्या करणारा माणूस. दातांच्या कवळ्या ज्या मालाच्या, त्याच मालाचे कानाचे साचेही तो करायचा. त्याने केलेला साचा चपखल बसला आणि शिट्टी बंद झाली. फक्त एका जागी तो रुतत होता. "टोचलं तर घेऊन या, तेवढीच जागा घासून देतो," असं त्याने बजावून सांगितलं होतं. बानाबाईने विचार केला की एवढ्याशा कामाला शहरात कशाला जायचं, आपल्याकडे चाकू आहे.

आणि हे केव्हा, तर सोमवारी शाळेत चाचणी असताना. शहरात मुक्या-बहिऱ्या मुलांची निवासी शाळा होती. तिथे वर्षाच्या मधेच एक जागा रिकामी झाली होती. मुलाने यंत्र न काढता वापरलं पाहिजे आणि मागून झालेल्या आवाजाला दाद दिली पाहिजे, ही अट. जूनपर्यंत थांबलो असतो तर सुगंधा वयात बसली नसती. त्या एका जागेवर तिचं बोलणं अवलंबून होतं. नाहीतर आयुष्यभर कुंपणाच्या कडेने मेंढरांमागे, खुणा करत.

"उद्या जाऊ सांडूभाऊकडं," बानाबाई म्हणाली.

उद्या बंद होता.

त्र्याण्णव सालचा डिसेंबर होता तो. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न पुन्हा पेटला होता. सरकार आता बाबासाहेबांचं नाव देणार, अशी हवा होती, आणि त्यावरूनच हा बंद. आमच्या गावात पारावर रोज गरम चर्चा व्हायच्या आणि त्यात आवाज चढायचा तो माझ्या दिराचा, बद्रीनाथभाऊजींचा. घरात जीप त्यांचीच. मी संध्याकाळी विषय काढला.

"वहिनी, उद्या गाडी दारातून हलायची नाय," ते म्हणाले. "अन् तो तुमचा दातवाला राहतो त्या वस्तीत तर बिलकूल जायचं नाय. आपल्या घरातली बाई तिकडं दिसली तर मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"तोंडाची काळजी तुम्ही करा, भाऊजी. मी कानाची करते."

"काच फुटली, डोकं फुटलं, तर?"

ते रागाने बोलले तरी त्यांना खरंच भीती वाटत होती, हे मला दिसत होतं. मलाही वाटत होती.  नवरा सहसा बोलतच नाही.

बंदच्या दिवशी एकच गाडी चालू असते, दुधाची. पुंजारामच्या टेम्पोत कॅनांच्या मधे आम्ही दोघी बसलो, पोरगी मांडीवर, अंगावर घोंगडी. मुंजाबाला कंपनीने आतच थांबवून घेतलं होतं, त्याला तर आम्ही निघाल्याचं माहीतही नव्हतं. पैठण रोड सुनसान होता. नक्षत्रवाडीजवळ रस्त्यात टायर जळत होता आणि हातात काठ्या घेतलेली पोरं उभी होती.

"दूध हाय, दादा," पुंजाराम म्हणाला.

एकाने मागे येऊन घोंगडी वर केली. "बाया कुठं चालल्यात?"

बानाबाई खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी तिच्या मांडीला चिमटा काढला. "घाटीत," मी म्हटलं. "पोरगी आजारी आहे."

त्याने सुगंधाकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहून छान हसून दाखवलं. आजारी पोर असं हसत नाही.

"काय दुखतंय गं तुझं?"

सुगंधा हसतच होती.

"बोल की. मुकी हाय का?" त्याचा आवाज चढला आणि बाकीचेही टेम्पोमागे जमा झाले. एकाने काठी कॅनवर आपटली. 

"बहिरी हाय," बानाबाई शांतपणे म्हणाली. "तुमी कितीबी वरडा, दादा. तिला काय फरक पडत नाय."

तो पोरगा क्षणभर ओशाळला. घोंगडी खाली पडली आणि टेम्पो सुटला. पुंजारामने आम्हाला मिल कॉर्नरला उतरवलं. दुपारच्या आत परत फिरायचं असलं तर इथेच या, नाहीतर तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून तो गेला.

पुढे चालत. दुकानांची शटर्स बंद, कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस, गल्लीतून निळे झेंडे. सांडूभाऊचं दुकान घरालाच लागून होतं. त्याचंही शटर खाली. मी बाजूचं दार वाजवलं. त्याच्या बायकोने, सारजाबाईने, दार वीतभर उघडलं आणि विचारलं, कोण, कुठल्या. मी गावाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. मागे सांडूभाऊ नामांतराच्या सभेला निघायच्या तयारीत, पायात चप्पल घालून उभा होता. अठ्ठ्याहत्तर साली, नामांतराच्या पहिल्या दंगलीत, आमच्याच बाजूच्या एका गावातून त्याच्या आईने त्याला घेऊन रातोरात शहर गाठलं होतं, घर जळत असताना. हे मला आधीच्या भेटीत कळलं होतं, आणि माझं आडनाव त्याला आज कळत होतं.  दार वीतभरच उघडं राहिलं. आता हे दार लागणार, असं मला वाटलं आणि त्याने ते लावलं असतं तर मी त्याला काय तोंडाने नावं ठेवणार होते?

तेवढ्यात बानाबाईने फटीतून हात आत घातला आणि साचा त्याच्यापुढे धरला.

त्याने तो उचलला, उजेडात धरला. "ये कारभार किसने किया?"

"म्या," बानाबाई म्हणाली. "खूर तासतेत तसा."

"मावशी, खूर थोडा जास्त तासला तरी मेंढी चालते. इथं केसाएवढी फट राहिली तरी खेळ खलास." त्याने चप्पल काढली. "या आत. पोरीला आणा."

आत गेल्यावर त्याने डबा उघडून पाहिला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला. कानाचं माप घ्यायची पावडर एकाच वेळेपुरती उरली होती. ती मिळायची गुलमंडीवर, आणि गुलमंडी बंद. त्याने आम्हाला समजावलं: पावडर पाण्यात कालवून लगदा कानात भरला की घट्ट होईपर्यंत पोरीचा जबडा हलता कामा नये. रडणं नाही, हसणं नाही, चावणं नाही. जबडा हलला की कानाचं भोक वाकडं होतं, माप वाकडं येतं आणि त्या मापाचा साचा शिट्टी मारतो. "एकच डाव आहे, ताई. हलली तर गेलं."

फळीवर कवळ्यांची रांग मांडलेली होती. सुगंधा त्यांच्याकडे बघून खिदळत होती. मी मनात म्हटलं, झालं कल्याण.

बानाबाई फरशीवर बसली. कोकराच्या कानाला खूण पाडताना धरतात तसं तिने पोरीचं डोकं आपल्या दोन गुडघ्यांत धरलं, एक हात हनुवटीखाली लावला. सुगंधाचा चेहरा वर, आईच्या चेहऱ्यासमोर. सांडूभाऊने दोरा बांधलेला कापसाचा बोळा आत सरकवला, लगदा कालवला आणि कानात भरला. पोरगी गार लागल्यामुळे थोडी आखडली, पण हलली नाही.

आणि बाहेर पळापळ सुरू झाली. आधी पावलं, मग पोलिसांच्या शिट्ट्या, मग आरडाओरडा. पहिला दगड शटरवर आदळला तेव्हा मी सरळ बाकाखाली शिरले. सारजाबाईने आतलं दार लावून घेतलं. सांडूभाऊचं बोट लगद्यावरून उचललं गेलं नाही, पण त्याच्या कपाळावर घाम फुटला. त्या खोलीत निवांत होती ती एकटी सुगंधा. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं. ती फक्त आईचं तोंड बघत होती.

हे बानाबाईला कळलं, ते मला बाकाखालून दिसलं. दगड पोरीला घाबरवणार नव्हता, आईचं तोंड घाबरवणार होतं. बानाबाईच्या पाठीचा कणा थरथरत होता, पायाची बोटं आवळलेली होती, आणि चेहरा मात्र ओसरीवर बसून शेंगा सोलाव्यात तसा. एवढं खोटं तिला कधी बोलता आलं नव्हतं. रस्त्यात पोरांना थाप मारायची तरी मलाच मारावी लागली होती.

दुसरा दगड जोरात आला. शटर आत वाकलं, फळी हादरली आणि कवळ्या फरशीवर पडल्या. हा हादरा फरशीतून सुगंधाला लागला. तिचे डोळे मोठे झाले. खालचा ओठ पुढे येऊ लागला. आता ती रडणार. सांडूभाऊ नुसता ओठांनी म्हणाला, नको बेटा, नको.

बानाबाईने डोळे मिटले. झोपल्यासारखे, हळूच. घरी निजायची वेळ झाली की ती पोरीला अशीच खूण करत असणार. शटरवर तिसरा दगड आला तरी तिने डोळे उघडले नाहीत. पुढचा दगड कुठे येतो हे बघायचीसुद्धा सोय तिने स्वतःला ठेवली नाही. सुगंधाने थोडा वेळ आईच्या मिटलेल्या पापण्यांकडे पाहिलं, मग ओठ आत घेतला आणि आपलेही डोळे मिटले.

दगड कुणाचे होते ते मला आजही माहीत नाही. गोंधळ गल्लीतून पुढे सरकला, लांब कुठेतरी गेला. सांडूभाऊने बोट लगद्यावर टेकवून पाहिलं आणि अलगद ओढून माप बाहेर काढलं. अखंड आलं होतं.

माप प्लास्टरमध्ये उतरवून, त्या ठशात माल भरून, उकळत्या पाण्यात शिजवायला वेळ लागला. पुंजारामचा टेम्पो कधीच निघून गेला होता. सारजाबाईने चहा केला, आम्ही घेतला. सांडूभाऊची सभा हुकली. त्याला न्यायला एक जण आला तेव्हा तो म्हणाला, "थोडं काम आहे, तुम्ही व्हा पुढं." साचा थंड झाल्यावर त्याने बानाबाईचं बोट धरून आधी कुठे रुतत होतं ते विचारलं आणि तेवढीच जागा घासली. मग साचा कानात बसवला, बटन लावलं, चाक फिरवलं. अर्ध्यावर आलं. अर्ध्याच्या पुढे गेलं. शिट्टी नाही.

"मागून हाक मारा, मावशी."

बानाबाई पोरीच्या मागे जाऊन बसली. बसून राहिली.

"मारा ना."

"कशी मारू?" ती म्हणाली. "ऐकू येत नाय म्हणून कळल्यापासून म्या हिचं नावच घेतलं नाय. खांद्याला हात लावते, की बघती."

 तिने घसा साफ केला. "सुगंधा." आवाज फुटलाच नाही. मग पुन्हा, मोठ्याने, रानात मारावी तशी: "सुगंधे!"

पोरीचा हात कानाकडे गेला. तिने मान वळवली. तिला आपलं नाव कळलं, असं मी म्हणणार नाही. आपल्या मागे काहीतरी आहे, एवढं कळलं. बानाबाईने इतका वेळ धरून ठेवलेला चेहरा तिथे सोडला आणि पदरात तोंड खुपसून रडली. मीही रडले आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

ती रात्र आम्ही सांडूभाऊकडेच काढली. त्यावरून भाऊजी पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. घरात तेवढीच शांतता.

सोमवारी शाळेतल्या बाईंनी सुगंधाला मणी ओवायला बसवलं आणि पाठीमागून डफ वाजवला. तिने लगेच वळून पाहिलं. त्यांनी पुन्हा हळू वाजवला, ती पुन्हा वळली. जागा तिला मिळाली. पण आजपासूनच ठेवावं लागेल, असं त्या म्हणाल्या. बानाबाईने मान डोलावली. घरून कपडे आणले नव्हते, काही आणलं नव्हतं.

"तिचं लक्ष नाही तोवर निघा," बाईंनी समजुतीने सांगितलं. "सगळे आईबाप तसंच करतात. रडारड होत नाही. चार दिवसांत रुळतात मुलं."

मलाही ते पटलं. मी बानाबाईचा दंड धरून तिला फाटकापर्यंत आणलं. तिथे ती थांबली.

"नाय, बाई."

"अगं, ती रमलीय. कशाला..."

"रोज सकाळी रानात जाताना ती निजलेली असायची. तशीच टाकून जायची म्या. सांगून समजत नव्हतं, मंग काय करणार?" तिने माझा हात सोडवला. "आता तिला ऐकू येतंय. सांगूनच जाईन."

ती मागे फिरली, सगळं अंगण ओलांडून गेली आणि सुगंधासमोर खाली बसली. छातीवरच्या पेटीशी तोंड नेलं. "सुगंधे, म्या घरी चालले. परत येईन."

सुगंधाने आईकडे पाहिलं, मग फाटकाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे. काय कळलं, किती कळलं, देव जाणे. तिने आईचा पदर दोन्ही मुठींत धरला आणि भोकाड पसरलं. शाळेतल्या बाई माझ्याकडे रागाने बघायला लागल्या. पोरीचं तोंड केवढं तरी उघडलं होतं, जबडा वेडावाकडा हलत होता, पण साचा जागचा हलला नाही आणि शिट्टी वाजली नाही. आपलं रडणं तिला ऐकू येत होतं. मधेच ती गप्प व्हायची, कानावर हात न्यायची, आणि पुन्हा रडायची. बानाबाई उठली नाही. रडं संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली आणि मग पेटीशी वाकून तिने तेच पुन्हा एकदा सांगितलं.